तोंडाचा फोटो

उमरग्याच्या बसस्थानकासमोर सिद्रामप्पांचे बॅनर छापण्याचे दुकान आहे आणि त्या दुकानातल्या संगणकात साडेचारशे माणसे बिनमुंडक्यांची ठेवलेली आहेत. पांढरा सदरा घातलेली, जाकीट घातलेली, खुर्चीत बसलेली. बायका असतील तर काठापदराच्या लुगड्यात, बहुधा हात जोडलेल्या. तालुक्यात कुठे माणूस गेले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या घरचे कुणीतरी एखादा मळका फोटो घेऊन दुकानाची पायरी चढते. तो फोटो आधारकार्डावरचा असतो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला. त्यातले डोके कापून घ्यायचे, साडेचारशे धडांपैकी त्याला शोभेल ते धड निवडायचे, मानेची सांध बुजवायची आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असे लिहून द्यायचे. हे काम प्रसेनजित सोनकांबळे वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून करीत आला होता. आता त्याने पस्तिशी ओलांडली होती.

कुणी म्हणेल, ही फसवणूक झाली. तसे म्हणणाऱ्याने जन्मभर बंडीवर राहिलेल्या बापाला मेल्यावर तरी कोट मिळावा म्हणून आलेल्या मुलासमोर बसून ते एकदा म्हणून दाखवावे. प्रसेनजितने ते कधी म्हटले नाही. त्याची तक्रार निराळी होती. पाच वर्षे हे काम केल्यावर रस्त्याने चालणारी माणसेही त्याला जोडलेली दिसू लागली. समोरून येणाऱ्या माणसाची मान पाहताच त्याची नजर सांध शोधू लागे. तेव्हा, डोके आणि धड एकाच माणसाचे असते याची खात्री करून घ्यावी, एवढ्याच हेतूने त्याने एका लग्नाच्या फोटोवाल्याने टाकून दिलेला कॅमेरा घेतला आणि आठवडी बाजारात जाऊन उभा राहिला.

त्याला कुणी गुरू नव्हता. पहिल्या वर्षी त्याने जे काढले ते सगळेच काढतात: सुरकुत्या, फाटके जोडे, म्हशीच्या शिंगांमधून मावळणारा सूर्य. वर्षअखेरीस ते सगळे फोटो एकापुढे एक मांडून पाहिले तेव्हा त्याला लाज वाटली. तीनशे फोटोंत तीनशे माणसे होती आणि फोटो मात्र एकच होता. मग तो फोटो उलटे धरून पाहू लागला. माणूस ओळखू येईनासा झाला की उजेड कुठून येतो ते कळते, हे त्याचे त्यालाच उमगले. एकाच जागी दोन प्रहर उभे राहावे, जागा माणसाला आपोआप घेऊन येते, हेही उमगले. हळूहळू त्याने स्वतःसाठी तीन नेम केले आणि ते एका वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. रंग ठेवायचा नाही. कुणाला विचारायचे नाही. आणि ज्याने कॅमेऱ्याकडे पाहिले त्याचा फोटो ठेवायचा नाही. कारण कॅमेरा दिसला की माणूस स्वतःच स्वतःच्या धडावर दुसरे तोंड बसवतो, आणि ते काम तर आपण दिवसभर दुकानात करतोच.

तिसरा नेम तो सर्वांत कडकपणे पाळी. बाजारच्या दिवशी संध्याकाळी घरी आले की चहाच्या आधी तो कॅमेरा घेऊन बसे आणि बाया धान्य पाखडतात तसे फोटो पाखडे. जिथे डोळे भिंगाला भिडले असतील तो फोटो तिथल्या तिथे पुसून टाकी. त्याची आई पुतळाबाई ते पाहून म्हणायची, "ज्यानं तुझ्याकडं बघितलं त्याला मारतोस, आन् ज्यानं पाठ फिरवली त्याला ठिवतोस. लई न्यारा न्याय हाय बाबा तुझा." सिद्रामप्पांचे बोलणे याहून तिखट असे. "आमी मुंडकी लावून पोट भरायलाव, आन् हा बहाद्दर मुंडकी तोडायला बाजारात जातोय. आरं, तुझ्या फोटूत माणूस असतंय का सामान?"

पण या नेमांनीच त्याला त्याची वाट दाखवली, हे नाकारता येत नाही. लातूरच्या एका प्रदर्शनात त्याचा एक फोटो लागला. कुंकवाच्या राशीचे टोक साधणारी म्हातारीची पाच बोटे, आणि बाकी सगळा अंधार. लोक त्यापुढे थांबत होते. तिथे त्याला बोलायला सांगितले तेव्हा, चेहरा हा माणसाचा सर्वांत बनचुका अवयव आहे आणि हातांना अजून खोटे बोलता येत नाही, असे तो पंधरा मिनिटे बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना बसमध्ये त्याला वाटले, अकरा वर्षांनी का होईना, आपल्याला आपला डोळा सापडला.

ती बोटे कस्तुराबाईची होती.

कस्तुराबाई बाजाराच्या उगवतीच्या कडेला, लिंबाच्या बुंध्याशी हळद-कुंकू विकायला बसायची. समोर तीन पितळी पराती; एकीत हळद, एकीत कुंकू, एकीत बुक्का. गिऱ्हाईक गेले की मोडलेल्या राशीला बोटांनी पुन्हा टोक आणायचे, हा तिचा चाळा होता. बोटे दुसऱ्या पेरापर्यंत लाल झालेली, आणि कपाळ मोकळे. नवरा जाऊन बावीस वर्षे झाली होती. प्रसेनजितने चार वर्षांत तिच्या हातांचे त्रेचाळीस फोटो ठेवले. ती मोबाइल दिसला की पदर तोंडावर ओढून घेते, हे त्याने पाहिले होते. नवऱ्याच्या तसबिरीला हार पडला त्या दिवसापासून फोटो म्हटले की तिला हारच दिसे, आणि जिवंतपणी तो कशाला पाहायचा, असे तिचे म्हणणे होते. त्यामुळे दोघांचे आपोआप जुळले होते. तिला तोंड द्यायचे नव्हते. त्याला ते नको होते.

मात्र गेल्या संक्रांतीच्या आदल्या बाजारी ती त्याला म्हणाली, "ए फोटूवाल्या, हिकडं ये. चार वर्सं झाली, नुसती बोटं काढायलास. तोंडाला काय किडं पडलेत का माझ्या?"

परातींचे तळ दिसू लागले होते. संक्रांतीचे वाण नेणाऱ्या बायकांनी सगळे कुंकू उचलले होते. तो हसला. "कामात बरं दिसतंय, आजी."

"काम सरलं आज. आज तोंडाचा काढ. एकच काढ, पर नीट काढ."

तिने हात लुगड्याला पुसले, पुसले तरी ते लालच राहिले. डोक्यावरचा पदर दोन्ही कानांमागे सारखा केला आणि सरळ भिंगाकडे पाहिले. हसली नाही. तहसीलदारापुढे उभे राहिल्यासारखी ताठ बसली. त्याने कळ दाबली.

"निघाला?"

"निघाला."

"ठिव मंग तुझ्यापाशी. लागंल तवा मागून घीन."

त्या संध्याकाळी चहाच्या आधी पाखडायला बसल्यावर तो फोटो समोर आला. उजेड साधारण होता. मागे कुणाची तरी मोटारसायकल आली होती. आणि ती पाहत होती. त्याचा अंगठा क्षणभर थांबला, हे खरे. पण नेम पाळायचा तो अशाच वेळी पाळायचा असतो, असे त्याने स्वतःला सांगितले आणि फोटो पुसला.

श्रावणात एका सकाळी चाळिशीची एक बाई दुकानाची पायरी चढली. अंगावर साधे लुगडे, डोळे कोरडे, हातात कापडी पिशवी. तिने आधी सिद्रामप्पांना नमस्कार केला आणि मग आत पाहून विचारले, "प्रसेनजित म्हंजे तुमीच का?"

"व्हय. काय काम होतं?"

"मी शिवकांता. कुंकवाच्या कस्तुराबाईची लेक. आई मंगळवारी गेली."

तो उठून उभा राहिला. गेल्या दोन बाजारांना लिंबाखालची जागा रिकामी होती. ते त्याने पाहिले होते, आणि रिकाम्या जागेचाही एक फोटो काढला होता.

"आईनं सांगून ठिवलंतं," शिवकांता म्हणाली. "म्हणली, बाजारात एक प्रसेनजित म्हणून हाय, बॅनरच्या दुकानात असतोय. त्याच्याकडून मी तोंडाचा फोटो काढून घेतलाय. म्या गेले की त्याच्याकडून आणा, दुसरीकडं हिंडू नका." तिने पिशवीतून आधारकार्ड काढून टेबलावर ठेवले. "नाव, वय ह्याच्यावरनं घ्या. फोटो पर ह्याचा घिऊ नका. ह्याच्यात ती चोरून आणल्यागत दिसती. आमच्या घरात तिचा दुसरा एकबी फोटो न्हाय. तेराव्याला घरात लावायचाय. हाय न्हवं तुमच्यापाशी?"

हा प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तरही साधे होते. ते 'नाही' असे होते. प्रसेनजितने तिच्याकडे पाहिले, मग आधारकार्डाकडे पाहिले आणि म्हणाला, "हाय. शोधून ठिवतो."

"नीट शोधा," ती म्हणाली आणि पायरी उतरली. सिद्रामप्पा चष्म्यावरून पाहत होते. त्यांनी एवढेच विचारले, "तुझ्याकडं? तोंडाचा?" प्रसेनजितने आधारकार्ड उचलून खिशात घातले.

पुसलेला फोटो कार्डातून परत आणता येतो, हे त्याला ठाऊक होते. तसली कामे करणारा सोलापूरचा एक ओळखीचा होता. प्रसेनजित दुसऱ्याच दिवशी कार्ड घेऊन त्याच्याकडे गेला. पण त्या कार्डावर संक्रांतीपासून आतापर्यंत तीसेक बाजार भरून गेले होते. यंत्राने दोन तास खोदकाम केले आणि वर आले ते काय, तर एका बैलाचा अर्धा कान, आणि राखाडी पट्ट्यांखाली गेलेली कुणाची तरी पिशवी. त्याने त्रेचाळीस फोटो पुन्हा पाहिले. हात, हात, पदराची कड, हनुवटीची एक अंधारी रेघ, पुन्हा हात.

घरी आला तेव्हा पुतळाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. सगळे ऐकून घेतल्यावर तिने निवडलेले तांदूळ एका बाजूला सारले. मग सहज विचारावे तसे तिने विचारले, "माझा तरी हाय का रं तुझ्याकडं एखादा?"

तो आत गेला.

पुढचे चार दिवस त्याने जे केले ते सोळा वर्षांच्या कामातले सर्वांत कसबाचे काम होते. आधारकार्डावरचा फोटो टिकलीएवढा आणि दहा वर्षांपूर्वीचा. तो मोठा करून त्याने त्यातला एकेक ठिपका हाताने भरला. दहा वर्षांचे वय गालांवर चढवले. डोळ्यांतली भीती काढली. हे करताना त्याला एक गोष्ट कळली आणि तिने तो हादरला: कस्तुराबाईच्या गालावर तीळ होता, पण डाव्या की उजव्या, हे त्याला आठवेना. चार वर्षे तो तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. तिच्या करंगळीचे नख कोणत्या बाजूने फुटले होते ते तो झोपेतही सांगू शकला असता. कार्डावरच्या फोटोत दोन्ही गालांवर छपाईचे डाग होते. शेवटी त्याने तीळ काढूनच टाकला.

धड म्हणून त्याने वयस्क बायकांतले एक निवडले. बदामी लुगडे, हात जोडलेले. त्या धडाच्या गळ्यात मंगळसूत्र होते. ते त्याने एकेक मणी करून पुसले, त्याखालची कातडी नव्याने भरली. विधवेच्या गळ्यात चूक राहू नये म्हणून एक पूर्ण दिवस घालवला. मानेची सांध तर अशी बुजवली की त्याची त्यालाही दिसेना. फोटो छापून, चौकटीत बसवून त्याने तो दुकानातल्या भिंतीला टेकवला. सिद्रामप्पा पुढे येऊन उभे राहिले आणि कधी नव्हे ते हलक्या आवाजात म्हणाले, "ही बोलंल आता." प्रसेनजितने चौकट कागदात गुंडाळायला घेतली.

चौकट न्यायला शिवकांता स्वतः आली नाही; तिने चुलत्यांना, बलभीम नानांना पाठवले. नानांनी कागद सोडून पाहिले, डोळे पुसले आणि म्हणाले, "वहिनीच की! तेराव्याला तुमी यायचं बरं का. शिवकांतानं बजावलंय, आईनं ज्याचं नाव घेतलं तो माणूस जेवायला पायजे." मग जाता जाता त्यांनी विचारले, "आडनाव काय म्हणलात?" प्रसेनजितने संपूर्ण नाव सांगितले. नानांनी 'बरं' म्हणून मान हलवली. त्या 'बरं'चा अर्थ लावत बसण्याचे वय प्रसेनजितने केव्हाच मागे टाकले होते.

गेलो नाही तरी चालेल, असे तो तेराव्याच्या सकाळपर्यंत म्हणत होता. तरी तो गेला. कॅमेरा नेहमीप्रमाणे खांद्याला होता आणि पिशवीत एक जाड पाकीट होते. पाकीट का घेतले, हे त्याला सांगता आले नसते.

गाव उमरग्याहून दहा-बारा किलोमीटरवर. घर दोन खणांचे, पुढे मांडव. मांडवात खुर्चीवर चौकट ठेवली होती, तिला झेंडूचा हार होता, पुढे उदबत्ती. येणारा प्रत्येक जण चपला काढून तिच्यापुढे वाकत होता. एक म्हातारी चौकटीच्या काचेवर हात फिरवून रडली, "कस्तुरे, बघ गं, कशी बसलीयास." प्रसेनजित मांडवाच्या कडेला उभा राहून पाहत होता. आजवर त्याने हजारो धडांना डोकी लावली होती, पण लोक त्यांच्यापुढे वाकतात तेव्हा तो कधीच तिथे नव्हता. त्याला वाटले, आता इथून निघावे. तेवढ्यात आतून निरोप आला: शिवकांता मागच्या अंगणात बोलावते आहे.

अंगणात पंगतीची भांडी पालथी घातली होती. शिवकांता ओट्यावर बसली होती. तिने त्याला समोरच्या बाजेवर बसायला सांगितले, तांब्या पुढे केला, आणि त्याचे पाणी पिऊन होईपर्यंत थांबली.

"एक इचारू का?"

"इचारा की."

"तोंड बरं आलंय. गालावरचा तीळ तेवढा गेलाय, पर बरं आलंय. हात कुणाचे हायत ते?"

त्याने रिकामा तांब्या खाली ठेवला.

"माझ्या आईच्या कपाळाला बावीस वर्सं कुंकू न्हवतं," ती म्हणाली, "पर बोटांचं कधी निघालं न्हाय. भाकरीला लागायचं. माझ्या शाळंच्या दाखल्यावर अंगठा दिला तर निळ्या शाईत लाल उठलं. तुमच्या फोटूत जी बाई हात जोडून बसलीया, तिची बोटं बघा. भांडीबी कधी घासली न्हायती तिनं."

मंगळसूत्राचा एकेक मणी पुसायला एक दिवस घालवणारा माणूस ती बोटे विसरला होता. ज्या बोटांनी त्याला लातूरच्या मंचावर नेले, तीच. प्रसेनजितला वाटले होते, सांध मानेशी असते आणि ती आपण बुजवली आहे.

"फोटो न्हाय माझ्यापाशी," तो म्हणाला. "तोंड आधारकार्डावरचं हाय. धड दुकानातलं हाय."

"आई खोटं बोलली व्हय मंग?"

"न्हाय. त्यांनी काढून घेतला होता. संक्रांतीच्या आदल्या बाजाराला. म्या पुसला."

"कवा?"

"त्याच सांजंला."

अंगणात एक कोंबडी भांड्यांमधून हिंडत होती. शिवकांताने तिला हुसकले नाही. "का?" तिने विचारले.

या 'का'चे उत्तर त्याच्याजवळ पंधरा मिनिटांचे होते, आणि ते चुकीचे होते असेही नाही. पण या अंगणात ते काढावे असे त्याला वाटेना. तो एवढेच म्हणाला, "कॅमेऱ्याकडं बघितलेला फोटो मी ठेवत न्हवतो."

"मंग तिनं बघायचं कुठं?"

वहीच्या पहिल्या पानावर हे लिहिलेले नव्हते. त्याने पिशवीतले पाकीट काढून तिच्यासमोर ओट्यावर ठेवले. "एवढंच हाय," तो म्हणाला. "ह्याच्यात तोंड न्हाय."

ती उघडणार नाही, असे त्याला वाटले. तिने उघडले. पहिला फोटो तिने मांडीवर ठेवला, दुसरा, तिसरा. दहाव्या फोटोवर ती थांबली. "ह्या दिशी तिला ताप हुता," ती म्हणाली. "बघा, पुड्या ढिल्या बांधल्यात. तशी बांधायची न्हाय ती." आणखी एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "ही करंगळी माझ्या टायमाला मोडली. बाळंतपणात खाटंचा गज धरला हुता म्हणं." तो पाहत राहिला. ही करंगळी त्याने किमान तीस वेळा टिपली होती. ती वाकडी असल्याने उजेड छान धरते, एवढेच त्याला माहीत होते. शिवकांता एकेक फोटो चेहरा वाचावा तशी वाचत होती. तिचे कोरडे डोळे तेरा दिवसांनी पहिल्यांदा भरून आले.

शेवटी लातूरला लागलेला तो मोठा फोटो आला. राशीचे टोक आणि पाच बोटे. तिने तो बराच वेळ धरला.

"पर काळं का केलंत? शाईत बुडवल्यागत दिसायलीत."

"रंग ठेवत न्हवतो मी."

"तेबी न्हाय," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. असलाच तर हिशेब संपल्याचा थकवा होता. ती उठली, आतल्या दिवळीतून एक पत्र्याचा डबा घेऊन आली. आईच्या शेवटच्या बाजारचे उरलेले कुंकू होते ते. फोटो तिने भिंतीशी टेकवून उभा केला, अनामिका डब्यात बुडवली आणि तसबिरीच्या कपाळाला लावतात तसे कुंकू फोटोतल्या एकेका बोटाच्या टोकाला लावले. अंगठा. तर्जनी. मग मधले. करंगळीला लावताना ती किंचित थांबली आणि वाकडेपणाच्या कलाने बोट वळवून लावले.

मागच्या दारात बलभीम नाना येऊन उभे राहिले होते. "शिवकांता, अगं, काय करायलीस? तोंड नसलेल्या फोटूला कुंकू लावतेत का कुठं?"

"तोंड बाहेर ठिवलंय की नाना. तुमी तिकडं हार घाला."

"आन् विधवा बाईला कुंकू?"

"कपाळाला न्हाय लावलं. तिच्या जाग्याला लावलंय."

नाना काही बोलायला गेले, पण फोटोकडे पाहताच थांबले. त्या बोटांनी बांधलेली पुडी त्यांच्याही देवघरात असणार. ते तसेच मागे फिरले.

प्रसेनजित उठला. आता निघणे योग्य, असे त्याला वाटले. शिवकांताने त्याला हाताने थांबवले.

"माझा काढा."

"आँ?"

"माझा फोटो काढा. तोंडाचा. म्या गेल्यावर माझ्या लेकीनं कुणाच्या दुकानात हिंडाया नको."

तिने डोक्यावरचा पदर दोन्ही कानांमागे सारखा केला. नेमका तसाच. प्रसेनजितने कॅमेरा खांद्यावरून काढला आणि त्याच्या ध्यानात आले की त्यातला रंग बंद आहे. नऊ वर्षांत त्याने त्या खुणेला हात लावला नव्हता; ती कुठे आहे हे शोधायला त्याला वेळ लागला. मग त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत एका जित्या माणसाचे तोंड होते आणि ते त्याच्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचा हात खाली येऊ लागला.

"माझ्याकडं बघा," तो म्हणाला. रस्त्यावरच्या एवढ्या वर्षांत हे शब्द त्याने कुणालाही म्हटले नव्हते.

"बघायलेय की. तुमीच बघंना झालाव." आणि तरीही त्याचे बोट हलेना, तेव्हा ती करवादली, "काढायलाव का नुसतं धरून बसायलाव?"

त्याने कळ दाबली.

"निघाला?"

'निघाला' हा शब्द ओठावर आला होता. तो त्याने गिळला आणि कॅमेरा उलटा करून तिच्यासमोर धरला. तिने वाकून पाहिले. पडद्यावर ताठ बसलेली, न हसणारी एक बाई होती. मागे पालथी भांडी, आणि मांडीवरच्या हाताचे एक बोट लाल.

"असंच बसली असंल ती," शिवकांता म्हणाली.

"व्हय. असंच."

मग सरळ होऊन तिने पदराला हात पुसला आणि तळवा त्याच्यापुढे केला. "ह्याच्या आत कार्ड असतंय न्हवं? ते द्या. तुमच्यापाशी ठिवू नका. उद्या मी दुकानात येती, समोर बसून छापून घेती."

त्याला काहीही बोलण्याचा हक्क नव्हता. त्याने कार्ड काढून तिच्या तळव्यावर ठेवले. तिने मूठ मिटली तेव्हा अनामिकेचे कुंकू कार्डाच्या कडेला लागले.

परतीच्या बसमध्ये त्याला खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर कॅमेरा होता आणि तो रिकामा होता. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने भिंगाकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "फोटो काढताव व्हय?"

"व्हय," प्रसेनजित म्हणाला, आणि त्याने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिले. त्याच्या उजव्या गालावर एक तीळ होता.